रेलाच्या रिंगणांतील पुढारपण

जाझ हा शब्द ऐकतांच शहरी श्रोत्यांच्या मनांत विलायती नाचघर उभें राहतें. मुंबईच्या हॉटेलांतून 1930 नंतर हें संगीत गाजलें, त्यांत गोमंतकीय वादकांचा हात मोठा होता. आणि त्यांपैकीं पुष्कळांनीं सुरांचे पहिले पाठ गांवच्या चर्चच्या शाळेंत गिरविले होते. एकानें पुढें यावें, सुचेल तें वाजवावें, इतरांनीं तोंवर ताल सांभाळावा, आणि पुढें आलेल्यानें वेळींच मागें सरून दुसऱ्यास वाट द्यावी, ही या संगीताची रीत. अमेरिकेंतील शाळांतून मुलांचीं जाझ-पथकें चालवितात, तेथें पुढारपण घेणें आणि सोडणें हे दोन्ही धडे एकाच तालमींत मिळतात.

असेच धडे भामरागड-एटापल्लीच्या अरण्यांत माडिया गोंडांचीं मुलें पूर्वापार घेत आलीं आहेत. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरापासून निराळा झाला 1982 सालीं. ही शाळा त्याहून फार जुनी. तिचें नांव गोटुल, म्हणजे गांवाच्या सामाईक मालकीचें तरुणांचें बैठकघर; आणि तेथला पाठ म्हणजे रेला. मुलेंमुली हातांत हात गुंफून रिंगण धरतात. एक गट ओळ टाकतो, दुसरा ती उचलतो. जुन्या चालीवर नवे शब्द बसविण्याची मोकळीक आहे. परंतु ओळ अशी हवी कीं समोरच्यांना ती उचलतां यावी. न पेलणारी ओळ टाकणाऱ्यास टीका ऐकावी लागत नाहीं; रिंगण मुकें होतें, तेवढें पुरे! पावलांचेंहि तसेंच. जो घाई करतो त्याचा दंड शेजाऱ्याच्या दंडास ओढ देतो, आणि चूक दोन्ही बाजूंस तत्काळ कळते. लहान मूल मध्यें शिरलें तर थोरांना आपलें पाऊल आंखूड करावें लागतें.

गोटुलाविषयीं शहरांत चवीनें बोलतात तें निराळेंच. व्हेरियर एल्विन यांनीं 1947 सालच्या ग्रंथांत बस्तरच्या मुरिया गोटुलांतील मुलांचीं पदें व कामांची वांटणी तपशिलानें नोंदविली आहे. वाचकांचें कुतूहल मात्र बहुधा दुसऱ्याच प्रकरणांकडे धांवतें.

आतां रेला स्नेहसंमेलनांत व सरकारी समारंभांत रंगमंचावर येतो. त्याचा मान वाढला, हें चांगलेंच झालें. पण मंचावर रिंगण उघडून त्याची रांग होते, कारण प्रेक्षकांकडे पाठ करणें तेथें दोष ठरतो. चपळ मूल मधोमध येतें, अडखळणारें कडेला जातें किंवा गाळलें जातें. नाच तोच, पण मुलांनीं शेजाऱ्याकडे पाहावयाचें कीं पाहुण्यांकडे, हा प्रश्न गुरुजनांनीं सोडविलाच पाहिजे. निदान तालमीच्या वेळीं तरी रिंगण मिटलेलें असूं द्यावें.

धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) गांवानें 1980 नंतरच्या दशकांत आपलें गोटुल जंगलच्या लांकडांनीं नव्यानें उभारलें. वनखात्यानें तें पाडलें. तेव्हां आसपासच्या गांवांनींहि आपापलीं गोटुलें बांधलीं. याच गांवास 2009 सालीं सामूहिक वनहक्क मिळाला. हें सारें रेलानें घडविलें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. तथापि मेंढ्याच्या ग्रामसभेंत बहुमतानें निर्णय घेत नाहींत. एकाचाहि विरोध असला तर विषय पुढच्या बैठकीवर जातो, आणि तोंवर गांव थांबतें.