वस्तीचा कायापालट आणि आपली जबाबदारी
(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



हा विषय तालीमचा नाही, असे आपणांपैकी काहींना वाटेल. परंतु शाळेचा दाखला काढावयास येणाऱ्या पालकांना कारण विचारले की एक उत्तर वारंवार मिळते, "सर, घर बदलले." डोंगरी, नागपाडा, मदनपुरा सोडून मुंब्रा, मीरा रोड, नालासोपारा. मुलगी आठवीत असली तर नवी शाळा मिळेपर्यंत ती घरी बसते आणि घरी बसलेली मुलगी पुन्हा वर्गात येईलच याची हमी कोण देणार? म्हणून हा विषय शिक्षकाचाही आहे.

मोहल्ल्याची किंमत वाढली की मोहल्ल्यातला माणूस का हलतो, हे आधी समजून घेऊ. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतील जुन्या घरांची भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर बांधली. गरिबाला छप्पर टिकले, हा त्या कायद्याचा उपकार. पण भाड्यातून डागडुजीचाही खर्च निघेना, तेव्हा घरमालकांनी इमारतींकडे पाठ फिरवली. 1969 च्या कायद्याने दुरुस्तीसाठी उपकर बसविला. तेव्हा बेट शहरात अशा 19,642 इमारती होत्या. पागडी तर सर्रास चालत होती, पण तिला कायद्याची मान्यता मिळाली ती 1999 च्या कायद्याने. आज त्याच मोडकळीस आलेल्या चाळीखालची जमीन सोन्याच्या भावाची झाली आहे. इमारत जितकी जीर्ण, तितका बिल्डरचा फेरा अधिक.

शेजारच्या गिरणगावात हे आपण पाहिले आहे. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पुढे 1991 व 2001 च्या नियमांनी गिरण्यांच्या जमिनी मोकळ्या होत गेल्या आणि भोंग्याच्या जागी मॉल आले. आता कोणी म्हणतो, "लोकांनीच घरे विकली, त्यांचीच चूक." हे बोलणे मला मान्य नाही. जमिनीचा भाव भाडेकरूने ठरविला नाही, चटई क्षेत्राचे नियमही त्याने केले नाहीत. पगार बंद पडल्यावर खोली विकणाऱ्याला बेजबाबदार म्हणणे सोपे आहे, कारण म्हणणाऱ्याचा पगार चालू असतो.

पण एवढे बोलून आपण सुटत नाही. 31 ऑगस्ट 2017 रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळली आणि 33 माणसे गेली. त्या भागाच्या पुनर्विकासाचे काम सुरू झालेले होते. त्या इमारतीतील काही कुटुंबे आधीच दुसरीकडे गेली होती, काही मागे राहिली होती. राहावे तर छत डोक्यावर येण्याची धास्ती, जावे तर परत खोली मिळेल की नाही ही धास्ती. ही दुसरी धास्ती मात्र कागदाने पुष्कळ कमी होते.

आपल्या घरांत कागदांची काय अवस्था आहे? भाडेपावती आजोबांच्या नावावर, आजोबा कधीच पैगंबरवासी झालेले. वारस नोंद कोणी केली नाही, कारण भावाभावांत बोलणे नाही आणि बहिणीचे नाव घालावयाची कोणाची तयारी नाही. (मीरासचे नियम व्याख्यानांत ऐकावयाचे आणि खोलीच्या वेळी विसरावयाचे!) कायद्याप्रमाणे भाडेकरूच्या मृत्यूसमयी त्याच्याजवळ राहणाऱ्या कुटुंबीयाला हक्क मिळतो, पण राहत होतो याचा पुरावा हवा. रेशनकार्ड, विजेचे बिल, मुलाचा शाळेचा दाखला हे पुरावेच आहेत. घरमालकाने भाड्याची लेखी पावती देणे बंधनकारक आहे. ती मागावयाची लाज कसली?

उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्विकासात भाडेकरूला किमान 300 चौरस फूट जागा मिळावी असा नियम आहे, आणि 51 टक्के भाडेकरूंची संमती लागते. ही सही आपण कशी करतो? चहाच्या टपरीवर, कोऱ्या अर्जावर, "सगळ्यांनी केली" म्हणून. मुखत्यारपत्र तर न वाचता देतो. संक्रमण काळात भाडे कोण देणार व किती दिवस, नव्या घराचा मेंटेनन्स किती येणार, हे सहीपूर्वी विचारले पाहिजे. जिथे महिना काहीशे रुपये भाडे होते, तिथे लिफ्ट, पाणी, पहारेकरी यांचा खर्च काही हजारांत जातो. मग नवे घर मिळूनही कुटुंब ते विकते आणि मुंब्र्याची गाडी पकडते. इथे बिल्डरने फसविलेले नसते, हिशेब करायचा राहिलेला असतो.

शिकून वर आलेल्या मंडळींनाही दोन शब्द. कोकणातून आलेल्या आपल्या वाडवडिलांना गावच्या जमातीच्या खोलीने आसरा दिला. तुम्ही उपनगरात फ्लॅट घेतलात, आनंद आहे. परंतु मोहल्ल्यातली जुनी खोली सर्वांत जास्त बोली लावणाऱ्याला देताना समोरच्या दारातल्या विधवेला निदान एकदा विचारलेत का? सोसायटीच्या सभेला तुमच्यासारखा वाचता येणारा माणूस आला, तर बिल्डरचा माणूस सांभाळून बोलतो.

विद्यार्थी मित्रांनो, नववी-दहावीचा मुलगा किंवा मुलगी करारनामा वाचू शकते. अवघड शब्द अधोरेखित करा, अब्बांना मोठ्याने वाचून दाखवा. अम्मीलाही बसवा, कारण घर तिच्या हातून चालते. कागदांच्या दोन झेरॉक्स काढून एक संच मामाकडे ठेवा.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी शिक्षकांच्या खोलीत असतो. भाडेपावत्यांचे पुडके घेऊन या. वारस नोंदीचा अर्ज कसा लिहावा ते मुलांना शिकवून त्यांच्याच हस्ताक्षरात लिहून घेऊ.