पंपाचे इंजिन चालता चालता बंद का पडते?

(दाभोसा, ता. जव्हार येथे शेतकऱ्यांसमोर दिलेले व्याख्यान)



आपल्या जव्हार-मोखाड्यात पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो. पण दिवाळी सरली की ओहोळ आटू लागतात. मग ज्यांच्या शेतावर वीज नाही, त्यांचा मोगरा आणि भाजीपाला डिझेल पंपावरच जगतो. ऐन फुलोऱ्यात पाण्याच्या दोन पाळ्या चुकल्या, तर हंगामाची मेहनत वाया जाते. म्हणून इंजिन का बंद पडते, हे प्रत्येकाने समजून घ्यावे.

मोटारीचे पेट्रोल इंजिन ठिणगीवर चालते. डिझेल इंजिनास ठिणगी लागत नाही. दाबाने तापलेल्या हवेत डिझेल पेट घेते. त्यामुळे डिझेल, हवा आणि दाब या तीनच गोष्टी तपासाव्यात.

इंजिन गचके देत मंदावून बंद पडले, तर डिझेल पुरेसे पोहोचत नाही असे समजावे. टाकी रिकामी होणे, फिल्टर तुंबणे, डिझेलमध्ये पाणी किंवा नळीत हवा शिरणे ही नेहमीची कारणे. एका बागेतील इंजिन अर्ध्या तासाने बंद पडे व थोड्या वेळाने पुन्हा चाले. फिल्टर बदलूनही गुण आला नाही. अखेर टाकीच्या झाकणाचे बारीक भोक चिखलाने बुजलेले सापडले. बाहेरची हवा टाकीत जात नसल्याने डिझेल खाली उतरत नव्हते. काडीने भोक मोकळे करताच इंजिन सुरळीत चालले.

नळीत हवा शिरल्यास टाकीची तोटी उघडी ठेवून फिल्टरवरील हवेचा स्क्रू थोडा सैल करावा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आले की आवळावा. नंतर डिझेल पंपाकडील स्क्रूचेही तसेच करावे.

काळा धूर सोडत इंजिन दबत असेल, तर एअर क्लीनर साफ करावा आणि पंपाचा भार जास्त नाही ना, हे पाहावे. इंजिन तापून बंद पडले असेल, तर त्यावर एकदम गार पाणी ओतू नये. हेडला तडा जातो. निवल्यावर तेल व थंड करणारे पाणी तपासावे. हँडल फिरतच नसेल, तर जोर न करता मेकॅनिकला बोलवावे.

इंजिन बंद खोपीत कधीही चालवू नये. त्याच्या धुरातील विषारी वायूला रंग किंवा वास नसतो आणि माणूस नकळत दगावतो.

डिझेल गाळून भरावे, तेल रोज पाहावे. एवढी सवय लावली, तर पाण्याची पाळी सहसा चुकणार नाही.