लॉफ्ट म्हणजे शेवटी माळाच

आजचा एपिसोड नगरहून, म्हणजे आपल्या अहिल्यानगरहून. २०२४मध्ये नाव बदललं, पण तोंडात अजून नगरच येतं, तेवढं सांभाळून घ्या.

मी आत्ता आमच्या नव्या फ्लॅटच्या लॉफ्टवर बसलोय. 'बसलोय' असं मुद्दाम म्हणतोय, कारण इथं उभं राहता येत नाही. इथली उंची चार फूट तीन इंच आणि माझी पाच फूट आठ. याच चार फूट तीन इंचांवरून आमच्या घरात चार महिने भांडण चाललं होतं. आज तेच सांगणार आहे, कारण मला मेसेज करणाऱ्या निम्म्या मित्रमैत्रिणींचा सध्या एकच विषय आहे : फ्लॅट बुक करू का?

आधी जुन्या घराबद्दल. जुन्या गावात, एका बोळात आमचं पाच खणांचं माळवदाचं घर होतं. ज्यांना खण माहीत नाही त्यांच्यासाठी : दोन तुळयांमधलं अंतर म्हणजे एक खण. पूर्वी घर किती मोठं, ते खणांत सांगायचे. वर लाकडी फळ्या, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. मे महिन्यात बाहेर डांबर वितळत असायचं, तरी आत आजी गोधडी अंगावर घेऊन दुपारची झोप काढायची. पण सगळं गोडगोड सांगायला नको. पावसाळ्यात तेच माळवद गळायचं. मातीचा थर दरवर्षी नीट करायचा, उंदीर, वाळवी, आणि दुरुस्तीचा खर्च तिघा भावांत कुणी करायचा हा कायमचा प्रश्न. धाकटे काका तिथंच राहायचे, त्यामुळे बादल्या त्यांनाच लावाव्या लागायच्या.

मग एक बिल्डर आला. शेजारच्या दोन घरांसकट आमची जागा घेऊन अठरा फ्लॅटची बिल्डिंग बांधायची होती. ब्रोशरवर काळ्या लोखंडी जिन्याचा, विटांच्या भिंतीचा फोटो आणि खाली 'डाऊनटाऊन लॉफ्ट लिव्हिंग'. आम्ही हसलोच. सावेडीतला माणूस ज्याला 'गावात चाललोय' म्हणतो, ते झालं डाऊनटाऊन!

हा लॉफ्टचा प्रकार मुळात आला कुठून? न्यूयॉर्कच्या सोहो भागातून. तिथले छोटे कारखाने बंद पडले, उंच छताचे मोठे मजले रिकामे झाले. १९६०च्या आसपास चित्रकार, शिल्पकार तिथं कमी भाड्यात राहू लागले. तेही बेकायदा, कारण जागा राहण्यासाठी नव्हतीच. १९७१मध्ये तिथं कलाकारांना राहायला परवानगी मिळाली आणि १९८२मध्ये अशा भाडेकरूंना संरक्षण देणारा लॉफ्ट कायदा झाला. म्हणजे लॉफ्टचं मूळ आहे अडचण. फॅशन नंतर आली.

आणि १९८२ म्हटलं की आपल्याला काय आठवतं? मुंबईचा गिरणी संप. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले. पण त्याच गिरणगावातल्या चाळीत, दहा बाय दहाच्या खोलीत, लोकांनी कधीच पोटमाळे टाकले होते. पारनेरहून मुंबईला गेलेले आमचे चुलत आजोबा अशाच एका पोटमाळ्यावर झोपायचे. त्याला कुणी लाइफस्टाइल म्हटलं नाही. जागा पुरत नव्हती, म्हणून माळा.

आता मुद्द्यावर येतो. बिल्डरची ऑफर होती तिघा भावांना प्रत्येकी एक फ्लॅट, ८५० स्क्वेअर फूट. घरात सगळे खूश. मी पुण्यात नोकरी करतो, आठवड्यातले तीन दिवस घरून काम. एका शनिवारी करारनाम्याचा मसुदा आणि ड्रॉइंगची पीडीएफ हातात आली. आमच्या धंद्यात दुसऱ्याचा कोड वाचताना आधी बेरीज जुळते का बघायची सवय लागते. इथं बेरीज अशी होती : कार्पेट ६२० आणि लॉफ्ट २३०.

मग उंची बघितली. तळापासून छतापर्यंत ४.२ मीटर, जवळपास चौदा फूट. ऐकायला भारी वाटतं. पण मधला स्लॅब धरा पंधरा सेंटीमीटर. उरले ४.०५. राज्याच्या बांधकाम नियमावलीप्रमाणे राहण्याच्या खोलीला किमान २.७५ मीटर उंची लागते. खाली तेवढी ठेवली, तर वर उरतात १.३० मीटर. चार फूट तीन इंच! आणि नियमावलीत लॉफ्टची व्याख्याच मुळी सामान ठेवण्याची जागा अशी आहे, उंची जास्तीत जास्त दीड मीटर. दोन्ही मजले खरोखर राहण्याचे करायचे, तर साडेपाच मीटर आणि वर स्लॅब, एवढी उंची पाहिजे.

थोडक्यात, ब्रोशरमधली 'अप्पर बेडरूम' नकाशात माळा होती. २३० गुणिले तीन म्हणजे ६९० स्क्वेअर फूट. आमच्या वाट्यातला एक अख्खा फ्लॅट हवेत होता.

मी हे घरात सांगितलं आणि वातावरण बिघडलं. थोरले काका म्हणाले, "नगरमध्ये सगळे असंच करतात." धाकटे काका तर भडकलेच. "तू पुण्यात बसून कागद वाचतोस. बादल्या मी लावतो. अजून एक पावसाळा काढायचा का मी?" मला उत्तर देता आलं नाही. त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि माझा हिशोबही खरा होता. भिंत खचली असती तर तो हिशोब काय चाटायचा?

तिढा आजीनं सोडवला. तिनं विचारलं, "त्या माळ्यावर मी उभी राहीन का?" मी म्हटलं, "तूही वाकशील, आजी." ती म्हणाली, "मग ती खोली कशी? तो माळाच. माळ्यावर आपण बरण्या ठेवतो, लेकी-सुना निजवत नाही."

वडील आणि थोरले काका पुन्हा बोलणी करायला गेले. त्या पावसाळ्यात मी आणि वडिलांनी मिळून काकांच्या खोलीवर ताडपत्री टाकली. चार महिन्यांनी प्रत्येकी ७०० कार्पेट ठरलं. लॉफ्ट मोजणीत धरायचा नाही, असं करारात लिहून घेतलं. ८५० गेले, पण हे ७०० खरे आहेत. काकांचा राग मात्र अजून पूर्ण गेलेला नाही. दिवाळीला येतात, चहा घेतात, लॉफ्टकडे बघून म्हणतात, "काय इंजिनिअर, डोकं आपटतं का?" आपटतं.

आता राहून कसं वाटतं? उजेड भरपूर. पाहुणे आले की मान वर करून "वा!" म्हणतात. पण गरम हवा वर जाते हे सातवीचं विज्ञान आहे, त्यामुळे एप्रिलमध्ये लॉफ्टवर बसून कॉल घेणं म्हणजे शिक्षा. पंख्याला लांब दांडी लागते, एसीला जास्त हवा थंड करावी लागते. नगरला उंच छत नवीन नाही. सोळाव्या शतकातल्या फराहबागेत मधोमध उंच घुमटाचं दालन आहे. पण त्यांनी महाल तलावाच्या मध्ये बांधला होता. आमच्याकडे पश्चिमेची मोठी काच आहे. आजीनं तिच्यावर जुनं लुगडं लावलंय. त्यानं ब्रोशरचा पार चेहरामोहरा गेला, पण दुपार सुसह्य झाली.

आणि एक गोष्ट, जी बुकिंगच्या वेळी कुणी विचारत नाही. आमची बिल्डिंग सोसायटी नाही, कंडोमिनियम आहे. १९७०च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली एक घोषणापत्र होतं. त्यात प्रत्येक फ्लॅटचा जमिनीत आणि जिना, गच्ची, टाकी यांसारख्या सामाईक गोष्टींत अविभक्त हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो. सोसायटीत एका सभासदाला एक मत. इथं मताचं वजन त्या टक्क्यांवर. आमच्या फ्लॅटपुढं लिहिलंय ५.४ टक्के.

आजीनं विचारलं, "आपली जागा आता कुठंय रे?" मी टक्केवारी समजावली. ती म्हणाली, "रुपयातले साडेपाच पैसे? ते कुठले, दारातले का मोरीतले?" म्हटलं, "आजी, तसं वेगळं नाही काढता येत. सगळीकडेच थोडे थोडे." ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे अठरा घरांशी गोड राहायला लागंल."

कायदा मी तीनदा वाचला होता, पण मला तो तेव्हा समजला. त्या रविवारी पहिल्यांदा मीटिंगला गेलो. विषय होता टाकी धुण्याचा.

तर तुम्ही घर बघत असाल, मग ते नगरला असो की खराडीला, ब्रोशर बाजूला ठेवा आणि मंजूर नकाशा मागा. महारेराच्या साइटवर प्रकल्प शोधा, कार्पेट एरिया तिथून घ्या. विक्री करार नोंदवण्याआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम देऊ नका, रेरा कायदाच तसं सांगतो. 'फ्री' लॉफ्टची उंची टेपनं मोजा. सोसायटी होणार की कंडोमिनियम, आणि आपला हिस्सा किती टक्के, हे लिहून घ्या. आणि घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस सोबत न्या. ते जिना बघूनच निम्मं उत्तर देईल.

तुमच्या घरीही असा माळा असेल, तर त्याची उंची मोजून मला कळवा. आमच्या माळ्यावर सध्या एक लॅपटॉप, एक माइक आणि आजीच्या सात बरण्या आहेत. त्यातली लोणच्याची खाली न्यायला आत्ता हाक आलीय. निघतो. पुढच्या एपिसोडला भेटू. काळजी घ्या, आणि डोकं सांभाळा!