नीमचे रोमन मंदिर

दक्षिण फ्रान्समधील नीम शहरातले ‘मेझाँ कारे’ हे इसवी सनाच्या पहिल्या शतकारंभीचे रोमन मंदिर आजही जवळजवळ अखंड आहे. उंच जोत्यावर जाण्यास फक्त समोरून पायऱ्या. दर्शनी मंडपातले कोरिंथियन स्तंभ मोकळे उभे आहेत. बाजूचे आणि मागचे मात्र गाभाऱ्याच्या भिंतीत अर्धे गुंतलेले. त्यामुळे आत जागा वाढते, तरी बाहेरची स्तंभांची ओळ तुटत नाही. ही योजना खरोखर देखणी आहे. दर्शनी भागावरची कांस्याक्षरे नाहीशी झाली. पण ती बसवण्यासाठी पाडलेल्या छिद्रांवरून झाँ-फ्रान्स्वा सेगिए या विद्वानाने १७५८ मध्ये लेख जुळवला. त्यानुसार मंदिर सम्राट ऑगस्टसचे दत्तक पुत्र गायस व लुशियस यांना अर्पण केलेले होते. २०२३ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा यादीत स्थान दिले.