शनिवारचा आकडा



मुख्याध्यापिका बाईंनी भाषणाला ‘विज्ञानातील संधी’ असा विषय दिला होता. पण मघाशी प्रयोगशाळेवरून आलो आणि सगळं विसरलो. तेच कडप्प्याचे ओटे, तोच वास. आमचे सर तिथं जर्नल तपासायचे. ‘पांढरा अवक्षेप आला’ एवढ्यावर सही मिळायची नाही. किती वेळानं आला, तेही लागायचं. खोडरबर वापरायला बंदी. चुकलेला आकडाही वाचता आला पाहिजे, म्हणायचे.

मी आजही अवक्षेपच मोजतो, फक्त घन धातूच्या पोटातला. ॲल्युमिनियममध्ये थोडं तांबं विरघळवून तापवलं आणि एकदम पाण्यात बुडवलं, की तांबं आत अडकतं, मग हळूहळू गोळा होतं. मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढे हे कण धातूला कठीण करतात. ते मोजायला आम्ही धातूतून न्यूट्रॉन सोडतो. न्यूट्रॉनला विद्युतभार नसल्यामुळे तो जाड धातूतूनही पार जातो, कणांपाशी किंचित वळतो. धुक्यात दिव्याभोवती कडं दिसतं ना, तसं. कण जितके बारीक तितकं कडं रुंद. तुर्भ्याला 1985 साली सुरू झालेल्या ‘ध्रुव’ अणुभट्टीवर हे मोजतात. बाकीचं कॉलेजात शिकाल.

1906 च्या सुमारास जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांनी अशाच मिश्रधातूचा कठीणपणा शनिवारी मोजला, सोमवारी पुन्हा मोजला तर वाढलेला, असं सांगतात. शनिवारचा आकडा लिहिलेला नसता तर? त्यातून विमानांचं ड्युरॅल्युमिन आलं. आतल्या कणांचा माग गिनिए आणि प्रेस्टन यांना क्ष-किरणांनी लागला तो थेट 1938 मध्ये. तोवर कारणाचा पक्का पुरावा नव्हता, नोंद मात्र होती.

म्हणून पोरांनो, वही ठेवा. मोबाईलमधला फोटो नव्हे, वही! हातानं, तारीख घालून. एसटी किती वाजता आली, विहिरीला पाणी किती, काहीही लिहा. हसू नका. तिसऱ्या रांगेतले काका, तुमच्याकडे डेअरीची वही असेलच. फॅट कधी उतरलं ते तुम्ही लगेच सांगाल. नातवाला दाखवा ती.

आणि सचिवसाहेब, मैदानात पर्जन्यमापक होता, तो आज दिसला नाही. नवा मी देतो. सकाळी साडेआठला मोजणारी मुलं तुम्ही निवडा. आठवीतली घ्या, दहावीपर्यंत टिकतील.