आठवा बिट

2001 सालची गोष्ट. माझा जुना संगणक शेवटच्या घटका मोजत होता. फ्लॉपी ड्राइव्ह कधीच बंद पडलेला, आणि आत माझ्या सगळ्या कविता. भाचा म्हणाला, "मामू, सीरियल पोर्ट शाबूत आहे. नव्या संगणकाला तारेनं जोडू."

ही जोडणी आरएस-232 या 1960 सालच्या मानकातली. दोन आणि तीन क्रमांकाच्या पिना उलटसुलट जोडायच्या. एकाची बोलायची तार दुसऱ्याच्या ऐकायच्या पिनेला! भाच्यानं दोन्हीकडे छोटे प्रोग्रॅम लिहिले. वेग सेकंदाला 9600 बिट.

पहिल्या खेपेला इंग्रजी पत्रं नीट उतरली. कवितांच्या जागी मात्र रोमन अक्षरांचा कचरा. काळजात धस्स झालं. प्रोग्रॅममध्ये अक्षरामागे सातच बिट ठरवले होते. इंग्रजीला तेवढे पुरतात. पण इस्की या भारतीय संकेतप्रणालीत देवनागरी आठव्या बिटावर उभी असते, आणि नेमका तोच गळत होता.

भाच्यानं आठ बिट केले. शिवाय 128 बाइटचा एकेक गठ्ठा पाठवायचा, सोबत त्याची बेरीज. पलीकडून "पोचलं" असं उत्तर आलं तरच पुढचा. बेरीज जुळली नाही, तर तोच गठ्ठा पुन्हा. वॉर्ड ख्रिस्टेन्सन यांनी 1977 साली एक्समोडेममध्ये हीच युक्ती वापरली होती.

काही मिनिटांत काम झालं. मी आधी अम्मीवरची कविता उघडली. काना-मात्रेचाही फरक नव्हता.