भूमीच्या पोटांतील पाण्याचा नकाशा

विहीर खणावी कोठें, हा प्रश्न दख्खनच्या शेतकऱ्यास पिढ्यान् पिढ्या पडत आला आहे. पाणाड्या हातांत नारळ किंवा ओली डहाळी घेऊन त्याचें उत्तर देत आला. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें तर आपल्या 'बृहत्संहिते'त 'दकार्गल' हा स्वतंत्र अध्यायच या विषयास दिला असून झाडें, वारुळें, माती व दगड यांवरून पाण्याचे ठोकताळे सांगितले आहेत. ते सर्वच शास्त्राच्या कसोटीस उतरतील असें नाहीं. परंतु वरच्या खुणांवरून खालच्या पाण्याचें अनुमान करावें, ही त्यांतील दृष्टि आजच्या उपग्रहविद्येनेंही सोडलेली नाहीं.

उपग्रहास जमिनीखालचें पाणी दिसतें, ही समजूत चुकीची आहे. १९८८ सालीं भारताचा 'आय. आर. एस.–१ए' हा उपग्रह अवकाशांत गेला आणि आपल्या भूमीचीं चित्रें आपल्याच साधनांनीं मिळूं लागलीं. २००० सालीं अमेरिकेच्या अवकाशयानानें रडारच्या साहाय्यानें पृथ्वीवरील बहुतेक जमिनीची उंची मोजली; तीवरून उतार व ओढ्यांचें जाळें काढतां येऊं लागलें. या सर्वांत दिसतो तो भूपृष्ठच. मात्र भर उन्हाळ्यांत हिरवी राहिलेली पट्टी, किंवा सुतांत ओढल्यासारखा सरळ गेलेला ओढा पाहून जाणता मनुष्य खालीं भेग असावी, असा तर्क बांधतो.

कऱ्हेचें खोरें उदाहरणादाखल घ्यावें. पुरंदरच्या डोंगराळ मुलखांत उगम पावून सासवड, मोरगांव यांवरून वाहत ही नदी बारामती तालुक्यांत नीरेस मिळते. प्रदेश पर्जन्यछायेचा, आणि खालीं काळ्या पाषाणाचे थरावर थर. अखंड पाषाणांत पाणी मुरत नाहीं. तें राहतें झिजून झालेल्या मुरुमांत, सच्छिद्र मांजऱ्या खडकांत आणि भेगांत. म्हणून अशा खोऱ्याचा नकाशा करतांना खडक, उतार, ओढ्यांची दाटी, भेगा, माती, पाऊस व जमिनीचा वापर यांचे निरनिराळे पडदे तयार करावे लागतात. प्रत्येकास महत्त्वाप्रमाणें गुण देऊन ते संगणकांत एकावर एक ठेवले, म्हणजे ठिकठिकाणच्या गुणांची बेरीज मिळते. नदीकाठचा गाळ, सपाट जमीन व भेगांचे छेद यांस गुण अधिक. खड्या उतारास कमी.

परंतु हे गुण देतो कोण? मनुष्यच. म्हणून नकाशा रंगवून झाला कीं तो विहिरींपुढें उभा करावा लागतो. पावसाळ्यापूर्वीं व नंतर विहिरींत पाणी किती खोल असतें, उपसा केल्यावर तें किती वेळांत भरून येतें, यांचा नकाशाशीं मेळ बसला तरच तो विश्वासास पात्र. तरीही तो संभव सांगतो, हमी देत नाहीं. शेताच्या कोणत्या कोपऱ्यांत खणावें, हें ठरविण्यास जागेवर जाऊन विजेच्या प्रवाहानें खडकाचा रोध मोजावा लागतो. कर्ज काढून विंधनविहीर घेणाऱ्या कुटुंबास हा भेद ठाऊक नसेल, तर नकाशावरील एका रंगापायीं त्याची वर्षानुवर्षांची मिळकत कोरड्या भोंकांत जाते.

याहून मोठा धोका निराळाच आहे. 'पाणी विपुल' असा रंग दिसला कीं तेथें विंधनविहिरींची रांग लागते, आणि शेजारच्या जुन्या विहिरी आटतात. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमांत साठ मीटर वा त्याहून खोल विहिरींस आळा घालण्याची तरतूद आहे, ती याच भयामुळें. त्याच नकाशावर पाणी मुरण्याच्या जागाही उमटलेल्या असतात. तेथें बांध घालावे, झाडोरा राखावा, हें काम विहीर खणण्याइतकेंच निकडीचें. पण तें एकट्याचें नव्हे. वरच्या गांवानें मुरविलेलें पाणी खालच्या गांवाच्या विहिरींत उतरतें.

पाणाड्या एका शेताच्या धन्यास सल्ला देत असे. हा नकाशा साऱ्या खोऱ्यास उद्देशून आहे. म्हणून त्याची जागा कचेरीच्या कपाटांत नसून गांवच्या चावडीवर आहे, आणि त्याच्या शेजारीं यंदाच्या विहिरींची पातळी खडूनें लिहिलेली असावी.